तायडे मॅडमचा पाच नंबर

सरकारी प्राथमिक शाळेत एक रजिस्टर असतं, चव रजिस्टर. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. हसा बाप्पा, तुम्हाला भरावं लागत नाही. पोरांना खिचडी वाढायच्या आधी शिक्षकानं ती खाऊन पाहायची, मग तारीख टाकून चव कशी होती ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. आमच्या शाळेत हे काम तायडे मॅडमकडे होतं. शाळा दोन शिक्षकी, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. मॅडम मुख्याध्यापक, मी त्यांच्या हाताखाली. मी जळगाव जामोदहून मोटरसायकलनं यायचो. त्या गावातच, शाळेच्या मागं दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायच्या. एकोणीस वर्षं आम्ही एका छपराखाली काढली आणि त्या एकोणीस वर्षांतली चव रजिस्टरं उघडली, तर पानोपान एकच शेरा सापडतो : 'चव उत्तम.'

खिचडी करपली तरी उत्तम. मीठ राहिलं तरी उत्तम. एकदा रुख्माबाईनं, म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाईनं, हळद दोनदा टाकली आणि पोट्ट्यांची तोंडं हळदीच्या नवरदेवासारखी पिवळी झाली, तरी उत्तम.

"मॅडम, हे उत्तम आहे?" मी चिडून विचारायचो.

"मले काय समजते, सर," त्या म्हणायच्या. "पोट भरलं का झालं. खानाऱ्याले गोड लागलं म्हंजे गोड."

हे त्यांचं पालुपदच होतं. चहात साखर किती? जशी असंल तशी. पंखा लावू का? तुमाले पाह्यजे तर लावा. एकदा माझी बायको त्यांना आमच्या जळगाव जामोदच्या साडीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं तीस-चाळीस साड्या उलगडल्या. मॅडमनी शेवटी त्याच्या हातात जी होती तीच घेतली. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, हीच काऊन? तर म्हणाल्या, "त्याचा हात दुखत असंल ना वो." ती साडी त्यांनी सात वर्षं नेसली. रंग धड राखाडी नाही, धड जांभळा नाही. त्यांना आवडायची का, देव जाणे.

लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, पाठचे तीन भाऊ शिकवायचे होते. ते शिकले, नोकऱ्यांना लागले, त्यांची लग्नं मॅडमनीच लावली. एका भावाला वांगं चालत नसे म्हणून वांगं शिजायचं नाही, दुसऱ्याला तिखट सोसत नसे म्हणून तिखट कमी. आता तिघंही आपापल्या घरी आणि मॅडम एकट्या. पण बिनवांग्याचा, कमी तिखटाचा स्वयंपाक तसाच चालू होता. हे मला कळलं तेव्हा मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगतो, थोडा रागही आला.

एका गोष्टीत मात्र त्यांचं मत ठाम होतं, ती म्हणजे दारू. मी त्या शाळेवर यायच्या आधी गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं होतं. अशा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मॅडम दोन महिने शाळा सुटली की घरोघरी फिरल्या आणि बाटली आडवी केली. दर पौर्णिमेला विहारात वंदना त्याच घ्यायच्या. पंचशील म्हणताना चार शीलं एका सुरात जायची, पाचवं आलं, मद्याचं, की आवाज एकदम वर चढायचा. रस्त्यावरून जाणारे पिणारे तेवढ्यापुरती पावलं उचलायचे.

आता अशा बाईच्या घरात रेड वाईन शिरली कशी, ते ऐका.

त्यांची भाची सोनल, देऊळगाव राजाच्या भावाची मुलगी. तिकडं नाशिकजवळ वाईनच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, ती नोकरीला लागली. दिवाळीच्या सुट्टीत आत्याला भेटायला आली ती सहा बाटल्यांचं खोकं घेऊन. बाटल्यांना लेबल नव्हतं, नुसत्या पांढऱ्या चिठ्ठ्या : ड्राय रेड १, ड्राय रेड २, असं सहापर्यंत. कारखान्यात नवीन माल ठरवायचा होता आणि तिथल्या जाणकारांची तोंडं म्हणे एकसारखीच चालत. तिला अशा माणसाचं मत हवं होतं, ज्यानं जन्मात वाईन चाखलेली नाही.

मॅडमनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या आणि विचारलं, "सगळ्या ड्रायच हायेत ना?"

"हो आत्या, सगळ्या ड्राय," पोरगी म्हणाली.

झालं! पोरीचा ड्राय म्हणजे गोड नसलेली. मॅडमचा ड्राय म्हणजे ड्राय डे. गांधी जयंतीला, निवडणुकीला ड्राय डे असतो आणि त्या दिवशी दारू मिळत नाही, हे मॅडमना तोंडपाठ. तेव्हा ड्राय वाईन म्हणजे दारू काढून घेतलेली वाईन, नुसता द्राक्षाचा रस. त्यात टीव्हीवर पुढारी घसा फोडून सांगत होते की वाईन म्हणजे दारू नव्हेच. पोरीला वाटलं आत्या आपल्यासाठी मोठ्या मनानं तयार झाली. आत्याला वाटलं पोरीनं आपल्या पाचव्या शीलाचा विचार केला. कोणीच कोणाला फसवलं नाही. पोरगी जाताना सांगून गेली, बाटल्या आडव्या ठेव, बूच ओलं राहिलं पाहिजे. मॅडम हसून म्हणाल्या, "माह्या घरी बाटली आडवीच राह्यते."

शनिवारी आमची सकाळची शाळा. सुटल्यावर मी मॅडमच्या ओसरीवर बसायचो, कारण ऑनलाइन माहिती भरायला नेटवर्क तिथंच मिळायचं. हजेरी, आधार, शौचालयाचे फोटो. शिकवणं सोडून सगळं. डोळ्यांची आग व्हायची आणि माहिती वर चढायची नाही. त्या शनिवारी मॅडम आतून खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं घेऊन आल्या, धुऊन पुसून, त्यात तांबडं काहीतरी.

"सर, द्राक्षाचं हाये. ड्राय. माह्या भाचीच्या कंपनीचं. तुमी बी सांगा कसं लागते."

मी काही गंगेत न्हालेला माणूस नाही. साडूकडे, कोणाच्या हळदीत, मी घेतलेली आहे, आणि नाशिकची वाईनही घेतलेली आहे. पहिल्याच घोटाला जिभेला कळलं, कानाच्या पाळ्यांनाही कळलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाहतो तर मॅडमनी एक शंभर पानी वही काढली होती. तारीख, नमुना, चव, सही. एक नंबरपुढं त्या लिहीत होत्या : 'चव उत्तम.'

"मॅडम, हे खिचडी नोहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "पोरीनं इतक्या दुरून आणलं अन् तुमी तिले उत्तम लिवून देता? तुमाले आवडलं का, ते सांगा."

त्या पेन धरून तशाच राहिल्या. किती वेळ! जणू मी इंग्रजीत विचारलं होतं. मग त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

"मले," त्या म्हणाल्या, "हे नाई आवडलं."

आणि इकडंतिकडं पाहिलं, कोणी रागावतं की काय म्हणून. अठ्ठावन्नाला टेकलेली बाई. 'चव उत्तम'वर त्यांनी एक सरळ रेघ मारली. मला भरून आलं हो. त्या क्षणी मी कसं सांगणार होतो की मॅडम, ही दारू आहे? पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. पुढच्या शनिवारीही तेच म्हटलं. मग अळीमिळी गुपचिळी.

त्यांची चाखायची पद्धत पहिलीच्या वर्गाची होती. एका वेळी दोनच नमुने घ्यायचे. "पोट्ट्याले आपण कसं इचारतो, मोठं कोनतं, लहान कोनतं? तसंच." दोन झाकणं, मध्ये पाण्याचा घोट, कोरड्या भाकरीचा तुकडा. आधी वास, मग घोट, मग डोळे मिटून बसणं. उघडलेली बाटली चार-पाच दिवसांत आंबते; उरलेली अंगणातल्या पपईला जायची. सुरुवातीला त्यांच्याकडे शब्दच नव्हते. गोड, आंबट, तिखट, संपलं. कारखान्यातले लोक काय काय नावं घेतात ते सोनल फोनवर सांगायची, कुठल्या कुठल्या विलायती फळांची. मॅडम म्हणायच्या, "जे फळ मी पाह्यलं नाई, त्याची चव मले कशी लागंन?" मग त्यांनी आपले शब्द शोधले. वही माझ्याकडे नाही, पण बरंच आठवतं. तीन नंबर : 'जांभळाचं पाणी, पण पाणी जास्त.' चार नंबर : 'लाकडाच्या नव्या पेटीचा वास, पेटी रिकामी.' सहा नंबर : 'पाहुण्यासमोर गोड बोलते, मागून काही नाही.' हे वाचून मी असा हसलो की रुख्माबाई डोकावून गेली.

पाच नंबरच्या दिवशी त्यांनी झाकण तीनदा तोंडाला लावलं.

"तुरट हाये," शेवटी म्हणाल्या. "बाभळीची शेंग चावली का तोंड आवळून येते ना, तसं. अन् मंग मागून जांभूळ येते. हळूच येते. सर, हे मले आवडलं." थोडं थांबून त्यांनीच पुन्हा स्वतःला विचारलं, "खरंच आवडलं काय मले?" आणि आणखी अर्धं झाकण घेऊन म्हणाल्या, "हाव. आवडलं."

सोनलला फोन लावला. ती म्हणाली, आत्या, इथं सगळे दोन नंबर म्हणून राहिले, पाच तर काढून टाकणार आहेत, फार कडक आहे म्हणतात. मी म्हटलं आता मॅडम म्हणतील, मंग दोनच चांगली असंल. पण नाही! मॅडम म्हणाल्या, "त्यायले दोन पिऊ दे. मले पाच." फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा, काय सांगू, लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता.

एकदा जिभेला वाचा फुटली की ती थांबत नाही. मॅडमनी वांगं आणलं, भाजलं, वर ठेचा. चहात साखर बंद झाली. आणि एके दिवशी मी चव रजिस्टर पाहिलं तर त्यात लिहिलेलं : 'चव वाईट. तांदळाला कुबट वास.' मी कपाळावर हात मारला. तिसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख हजर.

"मॅडम, असं लिवलं का वर जाते, चौकशी लागते. 'बरी' लिवा ना."

"बरी नोहोती."

"काय फरक पडते वो?"

"तुमी खाल्ली काय? मी खाल्ली."

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. आठ दिवसांनी पोती बदलून आली. मला त्यापायी तीन फॉर्म भरावे लागले, त्याबद्दल मी कुरकुरलोही. पण पोरं त्या दिवशी दोन-दोनदा वाढून घेत होती, हेही खरं.

होळीच्या सुमारास सोनल पुन्हा येऊन गेली. पाच नंबर थोडीशी काढायचं कारखान्यानं ठरवलं होतं आणि पहिल्या खेपेतली एक बाटली तिनं आत्याला दिली होती, कागदात गुंडाळलेली. मॅडमनी ती उघडली नाही. शनिवारी माझ्यासमोर ओसरीवर आणली. "दोघं मिळून पाहू म्हनलं." कागद काढला. सुंदर लेबल होतं. मॅडमनी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचतात तशा मोठ्यानं वाचायला लागल्या. नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं, मग बाटली फिरवली आणि मागचं वाचलं : "मद्यपान आरोग्यास हानिकारक..."

 त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. मग खाली टक्के लिहिले होते ते वाचले. त्यांचा चेहरा मी पाहू शकत नव्हतो आणि पाहतही होतो.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमाले माहीत होतं?"

माझ्या डोक्यात त्या एका क्षणात किती गोष्टी आल्या! शनिवारी दुपारी, एकट्या बाईच्या ओसरीवर, शिक्षक आणि मुख्याध्यापिका, आणि दारू. गाव काय म्हणेल, बायको काय म्हणेल, वरचे काय म्हणतील. नोकरीची माझी तीन वर्षं उरली होती. मी थकलो होतो. मला झंझट नको होती.

"नाई, मॅडम," मी म्हणालो. "मले कुठून माहीत असनार?"

आणि त्या माउलीनं माझीच समजूत काढली! "जाऊ द्या सर, मनाले लावून घेऊ नका. दोघं बी फसलो आपन." बाटली त्यांनी माझ्यादेखत पपईला घातली, आणि वहीही चुलीत घातली.

त्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मॅडम विहारात सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मी तिथं नव्हतो. रुख्माबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, मी चार शनिवार दारू पिली. अजाणता पिली, पण पिली, अन् मले ते आवडली. हे शेवटचं कशाला सांगायचं होतं? पण त्या सांगणाऱ्याच.  मागून कोणीतरी विचारलं, सर बी प्यायचे म्हंतात, त्यायले बी समजलं नाई काय? तर मॅडम म्हणाल्या, "सरायले माहीत नोहोतं. त्यायनं मले तसं सांगतलं, अन् ते खोटं बोलत नाई. याची जबाबदारी माह्यी." मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, अजाणता झालं बाई, बस आता खाली. तिथं विषय मिटला.

म्हणजे विहारात मिटला. पिणाऱ्यांना तर दिवाळी झाली. मॅडम बसथांब्यावरून निघाल्या की हटकून कोणीतरी ओरडायचं, "मॅडम, आज कोनता नंबर?" त्या मान खाली घालून जायच्या. त्यांच्या शब्दावर माझी झाकली मूठ मात्र सव्वा लाखाची राहिली. लोक मला म्हणायचे, सर, तुमी तर बिचारे साधे. मी मान हलवायचो.

मॅडम पुन्हा 'चव उत्तम'वर गेल्या नाहीत, एवढं एक बरं झालं. पण ओसरीवरचे शनिवार बंद पडले. मी शाळेच्या भिंतीला मोबाईल टेकवून माहिती भरायचो. एकदा मधल्या सुट्टीत त्या आपण होऊन म्हणाल्या, "सर, पाच नंबर आठवते मले कधी कधी. आता आठवलं तर काय करता."  दोन महिने रोज सकाळी सांगायचं ठरवून निघायचो आणि रोज संध्याकाळी न सांगता घरी जायचो. खोटं सांभाळायला किती दम लागतो, ते सांभाळणाऱ्यालाच कळतं.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मॅडम निवृत्त झाल्या. शाल, नारळ, दोन भाषणं. खोल्या आधीच रिकाम्या केल्या होत्या, सामान टेम्पोतून देऊळगाव राजाला भावाकडे गेलं होतं. संग्रामपूरला जाणारी चारची बस धरून त्या पुढं जाणार होत्या. थांब्यावर कडुनिंबाखाली आम्ही दोघंच उभे होतो, त्यांच्या दोन पिशव्या पायाशी. ऊन असं की बोलावंसं वाटू नये.

"सर, एक सांगू?" त्या म्हणाल्या. "त्या वाईनच्या पायी मी लाजेनं मेलीच असती. पन मनाले एकच आधार होता. तुमच्यासारखा शहाना मानूस बी फसला, मंग मी कोन?"

आता मात्र सोसेना. मी म्हणालो, "मॅडम, मले माहीत होतं. पहिल्या घोटाले माहीत होतं."

 मला वाटलं रडतील, रागावतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमी पहिल्यांदा म्हनल्या, आवडलं नाई. मंग सांगवलं नाई. अन् नंतर... भेलो."

बस येताना दिसली. मॅडम हळूहळू बोलत होत्या, फळ्यावरचं गणित सोडवावं तसं, एकेक पायरी. "पाचवं शील मी अजाणता मोडलं. ते सांगून मोकळी झाली. पन मी विहारात उभी राहून सांगतलं, सरायले माहीत नोहोतं. ते खोटं होतं. म्हंजे चौथं बी मोडलं. अन् ते अजून तसंच हाये."

"मॅडम, ते माह्यं खोटं होय. तुमचं नोहे."

"बोलली तर मीच ना."

बस थांबली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं दार उघडून हाक मारली, "चला मॅडम, बसा!" मॅडम म्हणाल्या, "जा तुमी. मले वेळ हाये." बस धूळ उडवत गेली. त्यानंतर थेट संध्याकाळी सहाची होती आणि तिला पुढची गाडी मिळणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. पदर खोचून त्यांनी विहाराकडे तोंड केलं. त्या वेळी तिथं बायांची बैठक असते.

"येता काय, सर?"

रागानं नाही, साधंच विचारलं. मी पिशव्यांकडे बोट केलं. म्हणालो, "सामानाजवळ कोनीतरी पाह्यजे, मॅडम."

त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भर उन्हात एकट्याच विहाराच्या वाटेला लागल्या. मी पिशव्या राखत बसलो. त्या गावात आजवर कोणाची पिशवी चोरीला गेलेली नाही.